डेंट ओढायचं ग्लू किट: पूल बरा, गोंद बेकार, ठोकणी एक नंबर

दारावर नाण्याएवढा पोचा पडलाय, रंग कुठे तडकलेला नाही, आणि तेवढ्यासाठी गाडी डेंटिंग-पेंटिंगला टाकायची? तिथे पत्रा घासणार, लांबी (खड्डा बुजवायची पुट्टी) भरणार, अख्खं दार रंगवणार, आणि मग आपण शेजारच्या दाराशी शेड जुळतेय का ते बघत बसायचं. कंपनीचा मूळ रंग वाचवायचा एवढ्याच हेतूने मी हे ग्लू किट घेतलं. पाचपैकी साडेतीन गुण देईन. कापलेले सगळे गुण गोंदाचे आणि ग्लू गनचे.

खोक्यात ग्लू गन, गोंदाच्या कांड्या, लहानमोठे प्लॅस्टिकचे टॅब, दोन पायांवर उभा राहणारा पूल, सरकत्या वजनाचा स्लाइड हॅमर, छोटी रबरी हातोडी आणि पेनासारखी बोथट ठोकणी येते. काम सांगायला सोपं आहे. टॅबला गरम गोंद लावून तो पोच्याच्या मध्यावर चिकटवायचा, गोंद आवळला की पूल बसवून वरचा स्क्रू फिरवत पत्रा बाहेर खेचायचा. स्लाइड हॅमर वजन मागे आपटून टॅब झटक्याने खेचतो, तो मी खोक्यातच ठेवलाय. दाराचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर, तोही पूर्ण नाही. त्याला असला झटका द्यायचा तर हात बसलेला हवा.

आधी दार धुऊन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. वॅक्स किंवा पॉलिश राहिलं असेल तर गोंद धरतच नाही. टॅब पोच्यापेक्षा जरा लहान निवडा आणि नुसता टेकवा. जोर लावून दाबलात तर गोंद कडेने बाहेर येतो आणि खाली थर उरत नाही. पत्रा गारठलेला असेल तर हेअर ड्रायरने कोमट करून घ्या, नाहीतर टॅब टक्कन सुटतो आणि पोचा जागच्या जागी. किटमधल्या कांड्यांचं तेच दुखणं आहे, त्या कोमट पत्र्यावरही अर्ध्या ताणात हात सोडतात. गन तापायला वेळ खाते आणि गोंद गुठळ्या गुठळ्यांनी सोडते. डेंटच्या कामाच्या म्हणून मिळणाऱ्या वेगळ्या कांड्या वापरल्यावर तोच पूल शहाण्यासारखा वागायला लागला. काम झाल्यावर गोंदाच्या कडेला अल्कोहोल सोडून थोडं थांबा, टॅब हाताने निघतो. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका.

आता खोक्यावर न लिहिलेली गोष्ट. पोचा म्हणजे नुसता खड्डा नसतो. पत्रा आत जाताना त्याच्याभोवती बारीक उंचवट्याचं कडं उठतं आणि तेच खड्ड्याला धरून ठेवतं. समोरून बघून ते कळत नाही. एलईडीची ट्यूब किंवा सरळ काळे पट्टे ओढलेला पांढरा पुठ्ठा दारासमोर धरा आणि तिरपं होऊन त्याचं प्रतिबिंब बघा. खड्ड्यावर आणि कड्यावर रेषा वाकड्या दिसतात. मध्य किंचित जास्त खेचून घ्यायचा, मग ठोकणीचं टोक कड्यावर ठेवून रबरी हातोडीने हलके हलके टिचके मारायचे. दोन टिचक्यांमागे एकदा रेषा बघायच्या. हा भाग कंटाळवाणा आहे आणि खरं काम इथेच होतं. रेषा सरळ व्हायला लागल्या की हात थांबवणं जड जातं, पण थांबवा. सगळा पोचा शंभर टक्के जात नाही. माझ्या दारावर ट्यूब धरली तर अजून सावली सापडते, उन्हात सापडत नाही. मला तेवढं पुरे.

धाकट्या भावाचा सल्ला वेगळा होता. "ताई, कडक उन्हात तापव आणि वरून बर्फ लाव, पॉक करून बाहेर येईल." म्हटलं, तुझ्या गाडीवर करून दाखव. अजून दाखवतोय. उकळत्या पाण्याची युक्ती प्लॅस्टिकच्या बंपरवर चालते, कारण प्लॅस्टिक मऊ पडलं की मूळ आकाराकडे परततं. पोलादी पत्रा एकदा ताणून वाकला की ताप-गारव्याने क्वचितच हलतो. आणि व्हॅक्यूमचा रबरी कप हा पसरट, उथळ पोच्यांसाठी असतो, नाण्याएवढ्या खळीवर तो काय धरणार?

काही ठिकाणी हे किट लावूच नका. बॉडी लाइनवर, म्हणजे दारावरच्या उठावदार दुमडीवर, बसलेली धारदार घडी, आणि दाराची कड, जिथे बाहेरचा पत्रा आतल्या चौकटीवर दुमडलेला असतो. पुन्हा रंगवलेलं दारही नको, टॅबसोबत रंगाचा पापुद्रा निघू शकतो. जुनी गाडी असेल तर फ्रिजचं मॅग्नेट कापडात गुंडाळून दारावर फिरवा. एखाद्या जागी पकड ढिली पडली तर खाली लांबी असण्याची दाट शक्यता, आणि कुठेच चिकटलं नाही तर दार ॲल्युमिनियमचं असेल. तो पत्रा आणखी हट्टी, तो कारागिराकडेच न्या.

पोचे पडू नयेत म्हणून मी साइड बीडिंग, म्हणजे दारावर आडवी चिकटवायची पट्टी, लावून घेतली. तिचं सगळं काम उंचीवर अवलंबून असतं. शेजारच्या दाराचा सर्वात फुगीर भाग जिथे टेकेल तिथेच ती हवी, आणि उंच गाड्यांची दारं तिच्यापेक्षा वर आपटतात. मॅग्नेटने चिकटणारे फोमचे पट्टे जास्त भाग झाकतात, पण खाली धूळ राहिली तर तेच रंग घासतात, आणि निघण्याआधी ते काढायची आठवण ठेवावी लागते. मला ते जमणारं नाही. पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, ओरखड्यांसाठी ठीक, पोचा तो अडवत नाही. पार्किंगमध्ये खांबाला लागून असलेली जागा मिळाली तर घ्या, निदान एक बाजू सुटते. दोन दारांच्या गाडीशेजारी टाळा, तिची दारं लांब असतात आणि जास्त जागा मागतात. उतारावर उभी केलेली गाडी असेल तर दार हातातून सुटून स्वतःच उघडतं, तिथे थोडं लांब लावा.

किट घ्यायचंच असेल तर पूल आणि ठोकणी असलेलं लहान किट घ्या, आणि कांड्या वेगळ्या मागवा. चाळीस टॅबवाल्या मोठ्या खोक्यातले निम्मे टॅब माझे अजून पिशवीतच आहेत.