पाहुणा दारात, ॲडव्हान्स चोराच्या खात्यात

मोरजी-पाळोळ्याच्या बाजूला घरच्याच दोन-चार खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी हे वाचाच. ऐन डिसेंबरात रात्री साडेदहाला टॅक्सीतून बॅगा उतरतात आणि पाहुणा म्हणतो, "दादा, पंचवीस हजार आधीच भरलेत की!" मोबाइलवर मेलही दाखवतो. मेल घरमालकाच्याच पत्त्यावरून गेलेला, खाते नंबर मात्र भलत्याचाच. आणि मालकाच्या इनबॉक्समध्ये त्या पाहुण्याचं गेल्या पंधरवड्यातलं एकही उत्तर नाही.

सुरुवात होते 'पाहुण्याची तक्रार आली आहे, फोटो पाहा' अशा मेलने. लिंकवर लॉगिनचं पान उघडतं, सीझनच्या घाईत पासवर्ड टाकला जातो. आत शिरलेला चोर पासवर्ड बदलत नाही. बदलला तर मालक लगेच सावध होईल. तो फिल्टर लावतो. नकोशा जाहिराती अडवायला आपण वापरतो तोच. मजकुरात 'पेमेंट' शब्द किंवा अमुक पाहुण्याचा पत्ता दिसला, की मेल 'वाचलेला' होऊन परस्पर ट्रॅशमध्ये. आउटलूकमध्ये तर अशा नियमाचं नाव नुसता एक टिंब ठेवतात आणि मेल 'आरएसएस फीड्स' या फोल्डरात ढकलतात. तो फोल्डर कोण उघडतो!

संशय आला की बहुतेक जण पासवर्ड बदलून मोकळे होतात. पण पासवर्ड बदलल्याने फिल्टर पुसला जात नाही, मेल दुसरीकडे पाठवण्याची सोयही बंद होत नाही. जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये फिल्टर दिसतही नाहीत, त्यामुळे कॉम्प्युटरवरच बसावं लागतं. आधी पासवर्ड बदला, अनोळखी उपकरणं साइन आउट करा, रिकव्हरीचा फोन आणि ईमेल आपलाच आहे ना ते बघा, टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी) चालू करा. मग सेटिंग्जमध्ये 'सर्व सेटिंग्ज पहा' उघडून तीन टॅब तपासा: 'फिल्टर आणि ब्लॉक केलेले पत्ते', 'फॉरवर्डिंग' आणि 'खाती'. तिसरा टॅब हमखास राहून जातो. तिथे उत्तरासाठीचा पत्ता बदललेला असला, तर पाहुण्याचं उत्तर तुमच्याकडे येतच नाही, सरळ चोराकडे जातं.

लावलेला फिल्टर दिसताच रागाने खोडू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, जमल्यास एक्स्पोर्ट करून ठेवा. ट्रॅशमधले मेल 30 दिवसांनी कायमचे जातात, तेव्हा तेही लगेच इनबॉक्समध्ये ओढून घ्या.

पैसे पाहुण्याचे गेलेत, म्हणून 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन त्यानेच करायचा, तोही दारात उभ्या उभ्या. पैसे पुढच्या खात्यात सरकले की अडवणं कठीण. तुमचं खातं फोडल्याची तक्रार तुम्ही वेगळी द्या. चोराचा मेल पाहुण्याकडे आहे, तो त्याने फॉरवर्ड न करता डाउनलोड करून द्यावा. फॉरवर्ड केला की मूळ मेलचे हेडर (मेल कुठून, कसा आला याच्या नोंदी) हरवतात, आणि तपासाला तेच लागतात.