हवेचा पंप, दहा महिने: सोलापूर ते कुंझुम

फेब्रुवारीत हा बारा व्होल्टचा पंप घेतला तेव्हा पंक्चरवाले मामा हसले. "चौकाचौकात हवा मिळते की, तुला घरचा कशाला?" खरंच, पुढचे सात महिने तो सीटखाली पडून होता. एकदा हिप्परगा तलावाकडे काळ्या मातीत रुतलो, तेव्हा बाहेर निघाला, तेवढंच.

सप्टेंबरात हिमाचलातल्या स्पितीला गेलो. गाडी साधी बोलेरो, फोर बाय फोर नाही. अटल बोगद्यातून बाहेर पडून कोकसर, ग्राम्फू केलं की बातलपर्यंत रस्ता म्हणजे नदीतले गोटेच. तिथे चारही चाकांची हवा 35 पीएसआयवरून (हवेच्या दाबाचं माप) 24 वर आणली. टायर पसरतो, दगड धरून ठेवतो, कंबरही वाचते. पण टायरची कड फुगून बाहेर येते, धारदार दगडाला घासली तर संपलंच. म्हणून अगदी पायी चालल्यासारखं. नाले सकाळीच उरकले, ऊन चढलं की वितळलेल्या बर्फाचं पाणी वाढतं.

पंपाची खरी परीक्षा कुंझुम खिंडीच्या माथ्यावर, साडेचार हजार मीटरच्या वर. पुढे लोसरनंतर डांबर, तिथे कमी हवेवर पळवलं तर टायर तापतो. घरी एका चाकाला चार मिनिटं लागायची, इथे सात. हवाच विरळ, पंप ओढणार काय! मंदिराला प्रदक्षिणा घालून आलो तरी पहिलं चाक चालूच. दोन चाकांनंतर नळीचं टोक इतकं तापलं की बोट भाजलं. तो गार होईस्तोवर कडक भाकरी आणि शेंगाचटणी. चौथ्या चाकाला सिगारेट लायटरचा फ्यूज उडाला. जादाचे फ्यूज होते म्हणून निभावलं.

एक गंमत. उंचावर टायर फुगतात असं सगळ्यांनी बजावलं होतं. स्टेपनीत सोलापुरात 35 भरली होती, माथ्यावर 36 निघाली. बाहेरचा दाब घटल्याने जे वाढायचं, ते थंडीनं खाल्लं. हे माझ्या पेनासारख्या साध्या गेजवर मोजलं; पंपाचा काटा तीनने जास्त दाखवतो, त्यावर भरवसा नको.

घ्यायचाच तर थेट बॅटरीला चिमटे लावायचा घ्या. मीही तोच बघतोय. हा जुना मामांनी मागून ठेवलाय.