उत्पन्नाचा दाखला: घरून की सेवा केंद्रातून?
‘आपले सरकार’ या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज घरूनही करता येतो, पेठेतल्या सेवा केंद्रातूनही. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्यामुळे दाखला मिळण्याची मुदत दोन्हीकडे सारखीच.

केंद्रात कागद स्कॅन करून हव्या त्या आकारात चढवून देणारा माणूस समोर असतो. सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन तेवढं सोसायचं. पण माझा पासवर्ड तिथल्या मुलानेच ठरवला, वहीत लिहून ठेवला. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्याच दारात! ओटीपी तर असा मोठ्याने विचारला की अख्ख्या रांगेला पाठ व्हावा.

घरी फोटोचा आकार कमी करण्यातच संध्याकाळ जाते, हे खरं. तरी किल्ली आपल्याकडे राहते. मी आता घरूनच करते. अण्णांना मात्र केंद्रातच नेते. ओटीपी तेवढा स्वतः टाइप करते.