वरच्या पापणीची शस्त्रक्रिया : कातडी सढळ हाताने काढावी की राखून?

वरच्या पापणीवर उतरलेली कातडी काढून घेण्याचा विचार करणाऱ्यांना एक धास्ती हमखास असते, ती म्हणजे डोळे टवटवीत दिसण्याऐवजी वटारल्यासारखे दिसतील की काय. ही धास्ती रास्त आहे. ब्लेफरोप्लास्टीत, म्हणजे पापणीच्या या शस्त्रक्रियेत, कातडी कमी काढली गेली तर पुढे थोडी आणखी काढता येते, पण जास्त काढलेली भरून काढणे फार अवघड असते.

सर्जनांच्या कामात ढोबळमानाने दोन पद्धती दिसतात. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात कातडीबरोबर डोळा मिटणाऱ्या स्नायूची पट्टी आणि त्यामागची चरबीही भरपूर काढली जाई. त्याने पापणी लगेच रेखीव दिसते, हे खरे. परंतु वयानुसार डोळ्याभोवतीची चरबी अनेकांची मुळातच ओसरत जाते, आणि आधीच रिकाम्या केलेल्या जागी भुवईखाली खळगा पडून चेहरा आजारी, ओढलेला वाटू लागतो. दुसऱ्या पद्धतीत मुख्यतः कातडीच काढतात, स्नायू शक्य तितका राखतात आणि नाकाच्या बाजूला ठळक फुगवटा असेल तर तेवढ्याच चरबीला हात लावतात. नैसर्गिक रूप हवे असणाऱ्याने ही दुसरी पद्धतच निवडावी, आणि ज्यांचे डोळे मुळात खोल आहेत त्यांनी चरबी काढूच देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

राखून काम करणाऱ्या सर्जनाचे कौशल्य सुरी हाती घेण्याआधीच दिसते. आडवे झाल्यावर भुवई आणि कातडी दोन्ही सरकत असल्याने तो रुग्णाला बसवून, समोर पाहायला लावून पेनने खुणा करतो. खालची रेघ नैसर्गिक घडीत येते : स्त्रियांत पापणीच्या कडेपासून साधारण ८ ते १० मिलिमीटरवर, पुरुषांत त्याहून थोडी खाली. पुरुषाची घडी उंच नेली तर चेहरा बदलल्यासारखा वाटतो. मग तो बोथट चिमट्याने जादा कातडी धरून पाहतो. पापणीचे केस जरासे वर वळले की थांबायचे, मिटलेला डोळा उघडू लागला तर चिमटीत जास्त आले असे समजायचे. पापणीच्या कडेपासून भुवईच्या खालच्या कडेपर्यंत किमान २० मिलिमीटर कातडी उरावी, हा सर्वसाधारण दंडक आहे. तो मोडला तर झोपेत डोळा पूर्ण मिटत नाही आणि बुबुळ कोरडे पडते.

मात्र जडपणा कातडीचाच आहे का, हे आधी ठरायला हवे. आरशासमोर कपाळ सैल सोडून भुवई बोटाने हलकेच उचलून पाहावी. तेवढ्याने जडपणा बहुतांशी गेला तर दोष उतरलेल्या भुवईचा असू शकतो, आणि तिथे पापणीची कातडी कापत राहिल्यास भुवई आणखी खाली आल्यासारखी दिसते. पापणीची कडाच बाहुलीवर उतरली असेल तर पापणी उचलणाऱ्या स्नायूची वेगळी दुरुस्ती लागते. स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनने भुवई किंचित वर येते, पण तो परिणाम तीन-चार महिन्यांचाच असतो.

सुरी की लेझर, यावर फार खल करू नये. काय आणि किती काढले जाते, यावर रूप ठरते. टाके साधारण ५ ते ७ दिवसांनी निघतात, काळेनिळेपणा सुमारे दोन आठवड्यांत ओसरतो, पण खरे रूप दिसायला काही महिने जातात. कोरडे डोळे, थायरॉइड, नुकतेच झालेले लेसिक (चष्म्याचा नंबर घालवण्याची लेझर शस्त्रक्रिया) किंवा रक्त पातळ करणारी औषधे यांची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी. शस्त्रक्रियेनंतर अचानक तीव्र वेदना झाल्या, डोळा पुढे आला किंवा नजर मंदावली तर सकाळची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे, कारण डोळ्यामागे रक्तस्राव झाल्यास दृष्टीच जाऊ शकते.

केवळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा देत नाही. पापणीमुळे वरचे दिसणे अडत असेल, तर दृष्टिक्षेत्र तपासणीचा अहवाल जोडून विचारणा करावी. सल्ल्याला जाताना स्वतःचा पंचविशीतला फोटो सोबत न्यावा, आणि सर्जनांनी केलेल्या पूर्वीच्या शस्त्रक्रियांचे फोटो पाहताना डोळे मिटलेले आणि वर्षभरानंतरचे फोटोही मागावेत.