धडधडीचा त्रास आहे, मग नॉर्मल की सिझर?
वहिनीला सातव्या महिन्यात दादरला लोकलमधून उतरताना अचानक धडधड सुरू झाली, ठोके थेट १८०, ईसीजीत एसव्हीटी (हृदयाचे ठोके अचानक खूप वेगाने पडायला लागतात तो त्रास) निघालं, आणि घरात सगळे सिझरच करा म्हणून मागे लागले. पण सिझरमध्ये रक्त जास्त जातं, इन्फेक्शन आणि गुठळ्यांची भीती वाढते, म्हणून फक्त धडधडीसाठी सहसा ते करत नाहीत, दुसरं काही कारण असेल किंवा ठोके आवरतच नसतील तर गोष्ट वेगळी.

नॉर्मलमध्ये कळांनी या धडधडीचा झटका येऊ शकतो हे खरंय, त्यासाठी एपिड्युरल (कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीत देतात ते इंजेक्शन) लवकर घ्यायचं, मॉनिटर लावून ठेवायचा, आणि झटका आलाच तर अ‍ॅडेनोसिन हे ठोके ताळ्यावर आणणारं औषध देतात, ते काही सेकंदांतच रक्तातून निघून जातं. मला तरी नॉर्मलच पटतं, फक्त कार्डिओलॉजिस्ट असलेलं हॉस्पिटल आधीच ठरवा गं, पावसात ऐनवेळी परळ गाठणं सोपं नाही.