बियाणं सुकवायचे झिओलाइट मणी: भट्टीची सोय असेल तरच घ्या

दमट हवेत बियाणं कितीही उन्हात घाला, एका हद्दीनंतर ते सुकतच नाही. हवेची आर्द्रता ८०-८५ टक्के असेल तर धान्याच्या दाण्यात १५-१६ टक्क्यांच्या आसपास ओलावा टिकून राहतो. दुपारी वाळलेलं बी रात्री परत सादळतं, मग बुरशी आणि भुंगेऱ्यांना आयतं रान मोकळं. हे चक्र तोडायला मी झिओलाइटचे, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या सच्छिद्र खनिजाचे, मणी घेतले. भाजीपाल्याचं बियाणं घरचंच धरते, त्यामुळे मिरची, टोमॅटो, वांगं, कांदा या सगळ्यांवर वापरून झालेत.

काम चोख करतात, यात वाद नाही. मण्यांची छिद्रं इतकी बारीक की आत फक्त पाणी शिरतं. स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा पाणी ते धरतात. १ किलो बी १४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणायचं तर सुमारे ६५ ग्रॅम पाणी काढावं लागतं, म्हणजे मणी झाले सव्वातीनशे ग्रॅम. मी थोडे जास्तच घालते, कारण झाकण उघडलं की बाहेरची दमट हवाही ते पितात. जाळीच्या पिशवीत मणी, कापडी पिशवीत बी, दोन्ही एकाच हवाबंद बरणीत. कांद्याचं बी अशा बरणीतून काढून मुठीत घेतलं की कोरडं खुळखुळतं. उन्हातल्या बियांचा तसा आवाज दमट दिवसांत येत नाही.

मणी ताजे आहेत की नाहीत हे बघायला चारपाच तळहातावर घ्या आणि पाण्याचा थेंब टाका. ताजे असले तर हाताला चांगलाच चटका बसतो. थंडच राहिले तर ते आधीच पाणी पिऊन बसलेत.

आता तक्रार. पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘पुन्हा पुन्हा वापरा’ छापलंय, पण कसं, ते कुठेच नाही. पाणी प्यालेले मणी उन्हात टाकून काही होत नाही. २०० अंश सेल्सिअसच्या वर, शक्यतो २५० ला, दोन-तीन तास तापवावे लागतात आणि गरम असतानाच पत्र्याच्या घट्ट डब्यात बंद करावे लागतात. उघड्यावर निवायला ठेवले की पुन्हा हवेतलं पाणी ओढायला लागतात. एवढी भट्टी किती जणांकडे असते? नसेल तर सरळ रंगीत सिलिका जेल घ्या. ते १०० ते १२० अंशांवर परत कोरडं होतं आणि रंग बदलून ‘आता पुरे’ हेही सांगतं. फार खालच्या ओलाव्यापर्यंत नेण्यात मात्र मणी सरस.

शेंगवर्गीय बी यात विसरून राहू देऊ नका. फार कोरडं झालं तर पेरल्यावर एकदम पाणी पितं आणि डाळिंब्या तडकतात. मी ८ टक्क्यांच्या खाली नेत नाही. आंबा, फणस, कोको यांचं बी तर वाळवलं की मरतंच, त्याला हे मणी दाखवूसुद्धा नका.

पोत्यांनी बियाणं असेल तर मणी परवडण्यातले नाहीत. तिथे आधी जमेल तितकं वाळवून हवाबंद पिशव्या बऱ्या. आतला प्राणवायू किडेच संपवतात आणि गुदमरून मरतात. पिशवी ओलावा काढत नाही, बाहेरचा आत येऊ देत नाही, इतकंच. ओलं बी भरलं तर आतच कुजेल. भरण्याआधी बाटलीत मूठभर दाणे आणि कोरडं मीठ घालून हलवा, थोडा वेळ ठेवा; मीठ काचेला चिकटलं तर दाण्यात अजून १५ टक्क्यांच्या वर पाणी आहे.

ओलावा दर टक्क्याने उतरला की बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने मणी पैसा वसूल. पण आणखी मणी आता घेणार नाही, आहेत तेच तापवून पुरतात. पुढची खरेदी रबरी वायसरच्या बरण्यांची आणि आर्द्रता दाखवणाऱ्या रंगपट्ट्यांची. पट्टी निळी असेपर्यंत बरणी उघडायची गरज नाही, गुलाबी झाली की मणी बदला.