कॅलरी मोजायचं ॲप तीन महिने वापरलं, त्याबद्दल

ॲपचं नाव नको सांगायला, पण फुकट आहे, मराठीत चालतं आणि बॅटरी अजिबात खात नाही म्हणून मला आवडलं. हिशोब मेटवर आहे, म्हणजे शांत बसल्यावर लागणारी एनर्जी १ मेट, साधारण किलोमागे तासाला १ कॅलरी, आणि मध्यम स्पीडने चालणं २०११च्या कंपेंडियममध्ये (कुठल्या हालचालीला किती मेट याची यादी) ३.५ मेट. मेट गुणिले वजन गुणिले तास, झालं.

आता प्रॉब्लेम. सेटिंगमध्ये वजन आधीच ७० किलो भरलेलं असतं आणि ते बदलायला कुणी सांगतच नाही, माझं ५८, त्यामुळे पाऊण तास चालले की १८४ कॅलरी दाखवायचं, खरा आकडा १५२. त्यातही नुसती बसून राहिले असते तरी ४३ गेल्याच असत्या, त्या वजा केल्या की चालण्याच्या जादा फक्त १०९! आणि मी रोज १८४ धरून जेवत होते, वजन हलेना म्हणून रडकुंडीला आले होते हो.

सिंहगडाला तर चढताना आणि उतरताना एकच ६ मेट लावतं, उतरताना एवढा दम लागतो का कुणाला?

तरी काढून टाकलं नाहीये. वजन बरोबर टाकलं, मेटमधून १ वजा करून स्वतः गुणाकार करते, आता या आठवड्यापेक्षा मागच्या आठवड्यात जास्त चालले की कमी हे मस्त कळतं. तीन स्टार. वजन पहिल्याच स्क्रीनवर विचारा प्लीज, लगेच चार देईन.